कालव्याकाठी चुकलेलं वळण

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई नोकरीतून निवृत्त झाल्यावर धावायला लागल्या. त्यांचे यजमान असते तर पोट धरून हसले असते. कुत्रं मागे लागल्याशिवाय माणसानं धावू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. पण ते मागच्या हिवाळ्यात गेले, आणि ज्या शुश्रूषागृहात त्यांचे शेवटचे आठवडे गेले, त्याच्याच मदतीसाठी रविवारी सकाळी ही धाव ठेवली होती. हौशी लोकांची धाव. कुणी धावावं, कुणी चालावं, कुणी मध्येच टेकावं.

नणंदही आली होती. तिचं फुलांचं दुकान होतं, आणि ती थेट दुकानातले रबरी बूट घालूनच आली. डॉक्टरबाई तिला लग्नात थट्टेनं ‘वन्सं’ म्हणायला लागल्या, ते कायमचं चिकटलं.

“वन्सं, या बुटांत धावणार तुम्ही?”

“धावतंय कोण? मी चालणार. तू हो पुढे, वहिनी. पुलापाशी वळायचं आहे, तेवढं ध्यानात ठेव. तुला रस्ते लक्षात राहत नाहीत.”

शिट्टी वाजली तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पुढची माणसं चार ढांगांत विरघळून गेली. सुरुवातीला आजूबाजूला बुटांचा थपथप आवाज होता, बोलणं होतं, कुणी खोकत होतं. अस्वलाचा पोशाख घातलेला एक जण धापा टाकत पुढे गेला. अस्वलाचं डोकं त्यानं काखोटीला मारलं होतं. “आत फार उकडतं,” तो ओशाळून म्हणाला आणि धुक्यात शिरला. मग सगळेच पुढे गेले.

डॉक्टरबाई हळू धावत. घाई त्यांना कधी मानवलीच नव्हती. गुडघे सुरुवातीला कुरकुरले, मग गप्प बसले. आता ऐकू येत होता तो फक्त त्यांचा स्वतःचा श्वास. आत, बाहेर, पुन्हा आत. त्यांना नवल वाटलं. सगळा जन्म त्या दुसऱ्यांच्या उशाशी बसून दुसऱ्यांचे श्वास ऐकत आल्या होत्या. कुणाचा अडखळायचा, कुणाचा लहान मुलासारखा संथ चालायचा. स्वतःचा असा निवांत ऐकायला कधी सवडच झाली नव्हती.

भूल देताना त्या माणसाला विचारायच्या, “आत्ता कुठे जायला आवडेल?” माणसं सांगायला लागायची आणि अर्ध्या वाक्यातच निघून जायची. एक सुतार म्हणाला होता, घोड्यांच्या तबेल्यात, तिथं गवताचा वास... एक म्हातारी म्हणाली होती, बहिणीच्या गच्चीवर, ती अजून चिडलेली असेल, पण... ती अर्धी वाक्यं आज धुक्यातून एकेक करून वर येत होती. तबेला आला, गच्ची आली. ओल्या गवताचा वासही आला, पण तो खराच होता, कालव्याच्या काठाचा.

यजमानांनाही त्यांनी विचारलं होतं, अगदी शेवटी, हात हातात घेऊन. ते डोळे मिटूनच म्हणाले होते, “कुठे नको. तू जरा सरक, मला खिडकी दिसू दे.” त्या सरकल्या होत्या. आणि आज धावताना त्या नकळत वाटेच्या कडेला सरकल्या, जणू शेजारून कुणी चाललं होतं आणि त्याला पाणी दिसायला हवं होतं. दोघांना जमेल अशा वेगानं त्या धावत राहिल्या.

काठाला एक होडी बांधलेली होती. तिच्यावर एक माणूस पातेलं घासत बसला होता. त्यानं मान वर केली.

“बाई, शर्यत तिकडे गेली. पुलावरून.”

पूल कधी आला आणि कधी गेला, डॉक्टरबाईंना कळलंच नव्हतं. “हो का,” त्या म्हणाल्या. “मी जरा पुढच्या झाडापर्यंत जाऊन येते.”

“जा की,” तो म्हणाला आणि पुन्हा पातेल्याला लागला.

त्या झाडापर्यंत गेल्या. खोडाला हात लावला. ते गार आणि ओलं होतं. परत वळल्या तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, पण भीती वाटली नाही.

पुलापाशी वन्सं कमरेवर हात ठेवून उभी होती.

“मी चालत येऊन पोचले, आणि तू धावत जाऊन हरवलीस. स्वयंसेवक वळणावर लावलेले कठडे उचलून न्यायला लागले होते. त्यांना म्हटलं, थांबा, आमची एक वहिनी यायची आहे.”

“वन्सं, मी तुमच्या भावाबरोबर होते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणायचं नव्हतं, तोंडून निघून गेलं.

वन्संनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग स्वतःच्या गळ्यातला पंचा काढून त्यांचं कपाळ पुसलं. “बरा होता ना?”

“बरे होते.”

“मग चल.”

उरलेली वाट दोघी हातात हात घालून चालत गेल्या. धुकं पातळ होत होतं. पोचल्या तेव्हा हवा भरून उभी केलेली कमान निम्मी खाली बसली होती. वाकूनच आत जावं लागलं. पलीकडे शुश्रूषागृहाच्या बागेत चाकांच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते, गुडघ्यावर घोंगडी घेऊन. बाकी सगळे नाश्त्याला पांगले होते. टाळ्या वाजवायला तेवढे एकटेच उरले होते, आणि ते मनापासून वाजवत होते.

“कितव्या आलात?” त्यांनी विचारलं.

“शेवटच्या,” वन्सं म्हणाली.

“म्हणजे सगळ्यांत जास्त वेळ तुम्हीच बाहेर होतात,” गृहस्थ म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा हेवा होता. “कसं आहे तिकडे?”

डॉक्टरबाई त्यांच्या शेजारच्या बाकावर टेकल्या. होडीबद्दल, पातेलं घासणाऱ्या माणसाबद्दल, झाडाच्या ओल्या खोडाबद्दल सांगायला लागल्या. उन्हाची तिरीप बाकावर आली होती. बोलता बोलता त्यांचे शब्द लांबत गेले, आणि एका वाक्याच्या मध्यावर त्यांची मान हलकेच कलली. श्वास लहान मुलासारखा संथ चालला होता.

वन्सं नाश्त्याच्या टेबलावरून चहाचे दोन पेले घेऊन आली, तेव्हा गृहस्थांनी तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. दोन्ही पेले तिनं स्वतःच संपवले, आणि मग बराच वेळ ते दोघं डॉक्टरबाईंच्या शेजारी ऊन खात बसले.