दोघांनी धरायची काच

दवाखान्यातून आल्या आल्या काचवाल्याने चपला भिरकावल्या. "ऑपरेशन ठरवून आलो," तो बायकोला म्हणाला.

"कुणाला विचारून?"

"थोरला मुलगा होता की बरोबर."

"म्हणजे संसार थोरल्याशी केलात."

तो तडक शेजारच्या आपल्या दुकानात गेला, ती मागोमाग. खिडकीची मोठी काच टेबलावर न्यायची होती. मोठी काच एकट्याने उचलायची नाही. एक टोक त्याचं, एक तिचं, आणि ती 'ठेवा' म्हणेपर्यंत हात सोडायचा नाही, हे लग्नापासून चालत आलेलं.

तिने टोक धरलं. काच उचलली. अर्ध्यातच ती थांबली.

"आता सांगा. डॉक्टर काय म्हणाले?"

"अगं, हात भरून आलेत."

"येऊ देत. माझा ऊरही भरून आलाय."

काचेपलीकडे तिचा चेहरा तळ्याच्या तळाशी ठेवलेल्या दिव्यासारखा जळत होता.

तो चिडून सांगत सुटला. प्रोस्टेटचा कॅन्सर आडदांड आहे, पण अजून ग्रंथीच्या घराबाहेर पडलेला नाही. दोन वाटा. ग्रंथी कापून काढायची. मग लघवीवर ताबा राहील न राहील, नवरा-बायकोचंही तसंच, आणि पुढे किरणं लागणारच नाहीत असं नाही. नाहीतर आधीच किरणं, काही आठवडे, आणि दोनेक वर्षं हार्मोनची इंजेक्शनं. त्यात अंगातून वाफा निघतात, ताकद जाते, इच्छाही.

"जगण्याची आशा दोन्हींत साधारण सारखीच. दोघं बोलून ठरवा, म्हणाले."

"दोघं म्हणाले ना?"

"एकदा कापलं की सुटलो. काचेवर मी रेघ दुसऱ्यांदा ओढत नाही."

"आणि माप कोण सांगतं? मी सांगितल्याशिवाय आजवर रेघ ओढलीत कधी? लोकांच्या खिडकीला मला विचारता, स्वतःच्या देहाला नाही. ओल्या चादरी कोण बदलणार, थोरला? घामाघूम झालात तर वारा कोण घालणार, थोरला?"

त्याने पकड बदलली. काच बारीक किणकिणली.

"तुझ्यासमोर ते सगळं विचारायची लाज वाटली असती," तो रागातच म्हणाला. "आणि भीती."

"तुमच्या तळहातातल्या काचा मी वेचल्यात. तेव्हा नाही ती लाज वाटली?"

तो पुटपुटला, "बरं. तारीख थांबवायला सांगतो. उद्या दोघं जाऊ."

"फोन तुम्ही करायचा. थोरल्याने नाही."

"मीच करतो. आता तरी…"

ती आणखी क्षणभर तशीच उभी राहिली. राग तिळभरही ओसरला नव्हता.

"ठेवा," ती म्हणाली. "हळू. काचेने काय घोडं मारलंय तुमचं?"