पर्सीसाठी उंदीर शेकताना

मित्रांनो, मी केस वाळवायचा एक जुना ड्रायर आहे. नेब्रास्कातल्या एका लहान गावात राहतो आणि खरं सांगू, आता फार थकलो आहे. थंड हवेचं बटण केव्हाच निकामी झालं. वायरला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे.

लॉर्नाच्या लग्नाच्या सकाळी तिचे केस मीच फुलवले होते. पुढे तिच्या मुलीचे, टेसचे, ओले केस शाळेची बस यायच्या आत वाळवले. कौतुक मात्र वाट्याला आलं नाही. मी घरघरू लागलो की लॉर्नाचा नवरा वेंडेल टीव्हीसमोरून ओरडायचा, "बंद कर गं ते विमान! मॅच ऐकू येत नाही." मग नवा ड्रायर आला आणि माझी रवानगी सिंकखालच्या कपाटात झाली.

टेस कॉलेजला गेली. वसतिगृहात साप चालत नाही, म्हणून तिचा पाळलेला अजगर, पर्सी, घरीच राहिला. तो जिवंत पांढऱ्या उंदरांवर वाढलेला. ते विकणारं दुकान बंद पडलं आणि फ्रीजरमध्ये मटारशेजारी गोठवलेले मोठे उंदीर आले. पर्सी त्यांच्याकडे ढुंकूनही बघेना. त्याचा कणा वर दिसू लागला.

"आई, असाच उपाशी राहिला तर ओमाहाच्या त्या साप पाळणाऱ्या माणसाला देऊन टाकू," टेस फोनवर रडवेली होऊन म्हणाली. "निदान जगेल तरी."

"थांब, मी बघते काहीतरी." फोन ठेवून लॉर्नाने डोळे पुसले. सुरुवातीला हीच बाई पर्सीच्या पेटीजवळ फिरकत नव्हती.

मग मला बाहेर काढलं. कोमट पाण्यात सैल केलेला मेलेला उंदीर मी कोरडा करायचा, शेकायचा. उतारवयात हेच बघायचं राहिलं होतं! पर्सी तोंड फिरवायचा, उंदीर कचऱ्यात जायचा. पुन्हा दुसरा उंदीर, पुन्हा मी.

"आता शॅम्पूही लाव त्याला," वेंडेल म्हणाला.

"तू गप बस."

पण तो जवळ येऊन बघत राहिला. "अगं, शेपटी कशाला भाजतेस? सापाला ऊब कळते ना? मग डोकं तापव!"

लॉर्ना शाळेत जेवण वाढते. तिथल्या एका वर्गात पांढरे उंदीर पाळलेत. पर्सीला ओळखीचा वास यावा म्हणून त्यांच्या पिंजऱ्यातला वापरलेला भुसा तिने पिशवीत आणला आणि पिठात मासा घोळवावा तसा उंदीर त्यात घोळवला. मी डोकं तापवत राहिलो, माझ्याच तारा जळल्याचा वास येईपर्यंत. तिने तो चिमट्याने पुढे धरला. पर्सीची जीभ लपलपली, आणि एकदम झडप!

"घेतला! वेंडेल, घेतला रे त्याने!"

सगळ्यांनी पर्सीचं कौतुक केलं. मी सिंकच्या कडेला तापलेला पडून होतो.

मित्रांनो, माझ्या मागच्या जाळीत केस आणि भुसा अडकलाय, धाप लागते. तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी राबत असेल तर त्याची जाळी तेवढी साफ करा. टाकून द्यायची घाई करू नका.

आता मी सुरू झालो की टेबल थरथरतं आणि पर्सी डोकं बाहेर काढून वाट बघतो. माझ्या आवाजाची वाट आजवर कोणी पाहिली नव्हती. परवा तर वेंडेलने स्वतःहून टीव्हीचा आवाज कमी केला.

"चालव गं ते विमान," तो म्हणाला. "पोरगं भुकेलंय."