बंदरातला नवा भराव

अहो, बोटींकडे काय बघताय? जरा खाली बघा. मी बोलतेय, तुमच्या पायाखालून! जुन्या धक्क्याला लागून समुद्रात भर घातली ना, ती मीच.

जन्माने मी वाळू. समुद्राच्या तळाशी लोळत पडले होते, कामधंदा काही नाही. एक दिवस वाळू उपसणारं जहाज आलं, त्याने मला पाण्यासकट पाइपात ओढलं आणि दगडी बांधाच्या आत ओतून दिलं. वरून मी अगदी सपाट, शहाण्यासारखी दिसायचे. आतून मात्र भुसभुशीत. येणारा जाणारा नाक मुरडायचा. "हिच्यावर काही बांधलं की तिरकं होणार. भूकंपात तर हिचा चिखलच!" ऐकून ऐकून कान किटले. खोटं नव्हतं, म्हणून जास्तच लागायचं.

माझ्या भरवशावर एक बाई होत्या. बोटी दुरुस्त करायच्या. सगळं बंदर त्यांना आत्या म्हणायचं. बंदराच्या नव्या बांधकामात त्यांची शेड पाडली होती. नवी शेड माझ्यावर मिळणार होती, पण मी तपासणीत पास झाले तरच. नाहीतर पार हमरस्त्यापलीकडे. तिथे बोटी काय डोक्यावरून न्यायच्या? आणि मला भक्कम करायच्या कामावर साहेब कोण, तर आत्यांचा सख्खा भाचा!

क्रेनला टांगून एक लांबलचक लोखंडी खांब आणला, आतून थरथरणारा. तो माझ्यात खोल सोडला आणि मला जे काही हलवलं म्हणता! डब्यात आणखी धान्य मावावं म्हणून तुम्ही डबा आपटता ना, तसंच. माझे कण एकमेकांना बिलगले, पाणी वर आलं, मी खाली बसले. पडलेल्या खड्ड्यात नवी वाळू ओतली, की पुढची जागा.

भाच्याला मात्र दम कुठला! खांब निघाला आणि दुसऱ्याच सकाळी हा तपासणीची सळई घेऊन हजर. ती यंत्राने माझ्यात दाबायची आणि मी किती अडवते ते मोजायचं. सळई सहज आत गेली. मी नापास!

भाच्याच्या पायाखालची वाळू सरकली म्हणाल, तर मी जागची हललेही नव्हते. तो मात्र मटकन खाली बसला.

"काय रे, तोंड का पाडलंस?" आत्यांनी विचारलं.

"आत्या, भराव कच्चा निघाला. तुझी शेड गेली गं."

आत्या म्हणाल्या, "माझ्यासाठी काही खोटं लिहू नकोस हं. उद्या छप्पर कोणाच्या तरी डोक्यात पडायचं."

त्याने खरा आकडाच वहीत लिहिला. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात त्याच्या वरिष्ठ बाई आल्या. आकडे बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे उतावळ्या, काल हलवलेली वाळू आज तपासतात का? तिला जरा स्थिर होऊ दे. महिनाभर हात लावायचा नाही!"

"माहीत होतं, बाई."

"मग?"

"आत्याची शेड होती ना..."

बाई हसल्या आणि त्याला चहा प्यायला घेऊन गेल्या.

महिनाभर मी नुसती पडून राहिले आणि आतल्या आत घट्ट होत गेले. मग सळई पुन्हा आली. या वेळी दाबणारं यंत्रच कण्हायला लागलं! भाच्याने आकडा दोनदा वाचला आणि साहेबपणा विसरून आत्यांना उचललंच.

"अरे मेल्या, सोड! माझी कंबर!"

आता शेड उभी आहे. आत्या जड इंजिनं माझ्यावर धाडकन टाकतात, मला काही वाटत नाही. एकच विनवणी आहे: घरात, कामावर कोणी नवं आलं तर दुसऱ्याच दिवशी सळई टोचून बघू नका. थोडं टेकू द्या बिचाऱ्याला.

काल पहिली मोठी बोट दुरुस्तीला शेडमध्ये आली. भाचा घाबरून म्हणाला, "आत्या, बोट टेकवायच्या ठोकळ्यांखाली जाड फळ्या घालूया का? रुतले तर?"

"कशाला?" आत्या म्हणाल्या. "जमीन आहे ती."

वाळू म्हणून, भराव म्हणून पुष्कळांनी हाक मारली होती. जमीन मला पहिल्यांदाच कोणी म्हटलं.