दुसऱ्या कडव्यानंतर डावीकडे

हा व्हिडिओ तुमच्या देशात दाखवता येत नाही, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य काळ्या चौकोनात उमटलं. सुलभाने पुन्हा कळ दाबली. पुन्हा तेच. चौथ्यांदाही तेच आल्यावर तिने लॅपटॉप बंद करून परत उघडला. रिमोट चालेना की आपण तो तळहातावर आपटतो, त्यातलाच हा प्रकार. यंत्राला काही दया आली नाही.

चौकोनाखाली मात्र सगळं नीट लिहिलेलं होतं. 'कॉपर सल्फेट, पुणे, १९९५.' आजवर पाहणारे, दोनशे बारा. कुणा हौशी माणसाने म्युझिक चॅनलच्या सुरुवातीच्या दिवसांतली, आता काळं कुत्रंही ज्यांना विचारत नाही अशी रॉकची गाणी आपल्या जुन्या कॅसेटींवरून उतरवून इंटरनेटवर टाकली होती. सुलभा सहा वर्षं हेच शोधत होती. सापडलं ते २०१३ सालच्या जूनमधल्या, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीतल्या एका रविवारी, क्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागातल्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये, पायाशी हीटर लावून बसलेली असताना. आणि सापडून बघता येत नव्हतं.

कॉपर सल्फेट म्हणजे रसायनशास्त्राच्या वर्गातली चार मुलं. नावासाठी त्यांनी प्रयोगशाळेच्या फळीपलीकडे बघितलंही नाही. त्यातला ड्रमवाला प्रमोद, सुलभाचा धाकटा भाऊ. बाटल्यांच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात एका दिवसात व्हिडिओ उरकला. परदेशी गाण्यांत असतो तसा धूर हवा होता, म्हणून प्रमोदने आईचं धुपाटणं पळवलं, आणि आईने कामवालीवर आठ दिवस संशय घेतला.

चॅनलने तो व्हिडिओ एका आठवड्यात चार वेळा दाखवला, चारही वेळा भर दुपारी. बाबांनी एकदा बघितला आणि उठून टीव्ही बंद केला. "त्यांच्यासमोर कशाला वाद. मी नंतर बघीन सावकाश," असं म्हणून आई आत भाकऱ्या थापायला गेली. तिसऱ्या वेळी प्रमोदने तो टेप करून घेतला. बाबा बाहेर गेले की बहीणभाऊ तो लावायचे, आणि आई आतून 'नंतर बघीन' म्हणायची. शंभर वेळा तरी लावला असेल.

पुढच्या वर्षी सुलभाचं लग्न झालं. लग्नाच्या शूटिंगची एक प्रत वरपक्षाला द्यायची, नाही दिली तर जन्मभर ऐकून घ्यायचं, ही त्या काळातली रीत. नाशिकची मंडळी सकाळी निघणार होती आणि रविवार संध्याकाळी कोरी कॅसेट कुठे मिळेना. सुलभाच प्रमोदला म्हणाली, "तुझी दे ना." त्याने कॅसेटच्या मोडलेल्या खाचेवर सेलोटेपचा तुकडा चिकटवला, म्हणजे तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होतं. "घे ताई. चॅनलवर लागेलच परत."

परत कधीच लागलं नाही. चॅनलवर हळूहळू दिवसभर सिनेमाचीच गाणी वाजू लागली. नव्याण्णव साली कोल्हापूरला कार्यक्रमाला जाताना प्रमोद मोटरसायकलवरून पडला तो उठलाच नाही. त्याचे फोटो होते, पण हलता-चालता प्रमोद कुठेच नव्हता. लग्नाच्या शूटिंगमध्येही नव्हता, कारण कॅमेरावाल्याचा मदतनीस आला नाही म्हणून लग्नभर दिवा धरून कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस तोच होता. ज्या लग्नासाठी कॅसेट दिली ते लग्नही पुढे मोडलं. नवरा इकडे आल्यावर पाच वर्षांत दूर जॉन्सनव्हिलला वेगळा राहायला गेला, आणि सुलभा क्राइस्टचर्चमधल्या वृद्धाश्रमात नर्सची नोकरी धरून एकटी राहिली. वाईट कशाचं जास्त वाटतं असं कुणी विचारलं असतं, तर तिने कॅसेट सांगितली असती.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आईने विचारलं होतं, "त्याची ती गाण्याची कॅसेट कुठाय गं?" आणि सुलभा पटकन म्हणून गेली होती, "माझ्याकडे आहे." एकदा म्हटलं की संपतं थोडंच? "बुरशी नाही ना लागली?" आई दर पावसाळ्यात फोनवर विचारायची. "नाही गं. कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलीय," सुलभा सांगायची. खोटं बोलायचं तर नीटनेटकं बोलावं, असा तिचा स्वभाव.

आता आईला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "डोळ्यांचे डॉक्टर म्हणतायत, मधलं दिसणं हळूहळू जाणार. कडेचं राहील. तू डिसेंबरात येतेस तेव्हा ती कॅसेट आणच. मी त्याला बघितलाच नाही गं त्यात." त्या रात्रीपासून सुलभाचा शोध दुप्पट वाढला होता.

सोमवारी वृद्धाश्रमात औषधं पोचवायला फार्मसीतली अस्मिता आली. ती मुंबईची. सुलभाने तिला काळ्या चौकोनाबद्दल विचारलं.

"अगं, असे हीप्स ऑफ व्हिडिओज ब्लॉक असतात इथे," अस्मिता गोळ्यांची पाकिटं मोजत म्हणाली. "राइट्सचा काहीतरी घोळ. ट्रिक्स असतात म्हणे, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. इंडियात दिसत असेल. आईंना सांग ना, शेजारी कुणाकडे तरी बघतील. स्वीट अ‍ॅज, काही टेन्शनच नाही."

"हो, तेवढंच की," सुलभा म्हणाली.

तेवढंच नव्हतं. आईने इंटरनेटवर बघायचं म्हणजे कॅसेट नाही हे सांगायचं. आणि नाही सांगायचं म्हणजे डिसेंबरपर्यंत आईचे डोळे थांबतील अशी आशा करायची. सुलभा नर्स होती, असल्या आशेची किंमत तिला ठाऊक होती. आठवडाभर विचार करून तिने पुण्यात शेजारच्या शकुताईंना त्या व्हिडिओचा पत्ता पाठवला आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे तिकडे सकाळी साडेदहाला, फोन लावला.

"आलेय बाई शकुकडे," आई म्हणाली. शकुताईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता. "हिच्या कंप्युटरसमोर बसवलंय मला. पण एक सांग, कॅसेट तुझ्याकडे आहे ना? मग यात कशाला बघायचं?"

कॅसेट लावायचं मशीन बिघडलंय, हे उत्तर सुलभाने घोकून ठेवलं होतं. ते जिभेवर आलंही. पण चौदा वर्षं ती नसलेली कॅसेट वरच्या कप्प्यात ठेवून ठेवून तिचे हात भरून आले होते.

"आई, कॅसेट नाहीये. लग्नात नाशिकवाल्यांना प्रत द्यायची होती ना, ती तिच्यावरच उतरवली. मीच मागून घेतली त्याच्याकडून."

शकुताईंच्या कुकरची शिट्टी झाली. त्यांनी उठून गॅस बंद केला तेही ऐकू आलं.

"मग कपाटात काय आहे?" आईने विचारलं.

"जादाच्या चादरी."

"नाशिकवाल्यांनी बघितली का ती, एकदा तरी?"

"माहीत नाही. नसावी."

"तेव्हाच सांगायचंस. मी काय मारलं असतं तुला?" आई म्हणाली. "तेव्हा मारलंही असतं म्हणा." आता ती फोन ठेवणार असं सुलभाला वाटलं.

"शकु, लाव गं," आई म्हणाली.

गाणं सुरू झालं. फोनमधून ते डब्यात खिळे खुळखुळवल्यासारखं येत होतं, तरी सुलभाला पहिल्या ठोक्यालाच रडू आलं. सतरा वर्षांत तिने ते ऐकलं नव्हतं आणि त्यातलं काहीही ती विसरली नव्हती.

"सगळा धूरच आहे," आई म्हणाली. "हा मधे उड्या मारतोय तो का?"

"नाही, तो गाणारा. प्रमोद मागे, ड्रमवर."

"मला मधलं दिसत नाही गं. जिथे बघायला जावं तिथेच नेमका डाग येतो." आई म्हणाली. "शकु, तू सांग की कुठाय तो."

"काकू, मी कधी पाहिलं होतं हो प्रमोदला? मी इथे राहायला आले दोन हजार पाचला," शकुताई म्हणाल्या. "आणि यांचे सगळ्यांचेच केस सारखे."

एवढ्यात गाणं संपलं.

सुलभा खुर्चीवरून उठून उभी राहिली. आईला झालंय तो आजार तिच्या वृद्धाश्रमात चौघींना होता. तिथली डोरीन तिच्याशी बोलताना नेहमी तिच्या कानाकडे बघायची. तिला तोंड बघायचं असायचं म्हणून.

"आई, ऐक. त्याच्याकडे सरळ बघायचंच नाही. दुसरं कडवं संपलं की गिटार थांबते, नुसता ड्रम राहतो. तेव्हा तो येतो, चार-पाच सेकंद. तो उजव्या बाजूला असतो. तू डावीकडे बघ. तिथे पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला एक जण आहे, त्याच्याकडे बघत राहा. प्रमोद कडेने दिसेल. कधी ते मी सांगते."

"तुला तिकडे दिसतंय?"

"नाही. मला पाठ आहे."

शकुताईंनी पुन्हा लावलं. सुलभा डोळे मिटून उभी राहिली. पहिलं कडवं गेलं. गाणाऱ्याचं ओरडणं गेलं. दुसरं कडवं आलं, लांबलं, आणि गिटार तुटल्यासारखी थांबली.

"आता," सुलभा म्हणाली. "डावीकडे."

नुसता ड्रम वाजत राहिला. मग गिटार परत आली, गाणाराही आला.

"दिसला," आई म्हणाली.

"हसतोय ना?" सुलभाने विचारलं. तिच्या आठवणीतला प्रमोद तिथे कॅमेऱ्याकडे बघून हसायचा.

"नाही गं. हसत कुठाय? जीभ बाहेर काढलीय. शाळेत चित्र रंगवताना काढायचा तशी. काम करतोय तो."

सुलभाला ती जीभ आठवत नव्हती. शंभर वेळा बघून तिला ती कधी दिसली नव्हती, आणि हसू तिने कुठून आणलं होतं कोण जाणे.

"शकु, पुन्हा लाव," आई म्हणाली. "कामं असतील तुझी, पण लाव. सुलभा, तू आहेस ना?"

"आहे."

"मग तू आपली सांगत राहा."

तो व्हिडिओ त्या दिवशी अकरा वेळा लागला. रिकार्टनमध्ये अंधार पडला, समोरच्या घरात दिवे लागले, आणि सुलभा फोन कानाशी धरून, खोलीत कुणीच नसताना, दर वेळी दुसऱ्या कडव्यानंतर म्हणत राहिली, "आता."