झेलायचं कोणी

बनारसच्या माणसाला अधूनमधून गंगेपलीकडे जाऊन खाल्ल्याशिवाय चैन पडत नाही. याला तिकडे 'बहरी अलंग' म्हणतात. गावाबाहेर जायचं, गोवऱ्या पेटवायच्या, बाटी आणि भाजल्या वांग्याचा चोखा हाणायचा आणि परतायचं. मुक्ताच्या मित्रमंडळींनी या जुन्या शौकात एक नवं वेड मिसळलं होतं. ते चुनारच्या अलीकडच्या माळावर जात आणि बाटी भाजून होईपर्यंत धोंड्यांवर चढत. दोर नाही, काही नाही. दोन पुरुष उंचीचा धोंडा, खाली जुनी गादी आणि गादीपाशी हात वर करून उभा राहिलेला एक जण.

या उभ्या राहणाऱ्यावर सगळी मदार असते. पडणाऱ्याला कवेत घ्यायचं नसतं, तर पाठीला, कमरेला हात देऊन गादीवर लोटायचं असतं. चढणाऱ्याने आधी विचारायचं, "आहेस?" खालच्याने "आहे" म्हटलं की वरच्याचे हात माथ्यावर टेकेपर्यंत त्याने दुसरीकडे पाहायचंसुद्धा नाही.

मुक्ता पंचगंगा घाटावरच्या वेणीमाधव गुरुजींची मुलगी. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि दगडावर दोन्हींची खिचडी. तिला चार वर्षं झेलत आला तो कुणाल, रेल्वेतल्या साठ्यांचा मुलगा. तिच्या पाठीला, कमरेला त्याचा हात कितीदा लागला असेल याचा हिशेब दोघांनीही कधी ठेवला नव्हता, आणि ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, मुक्ताची उत्तरकाशीच्या गिर्यारोहण वर्गाला निवड झाली. मुलींचा वर्ग, महिनाभर, खऱ्या बर्फात. गुरुजी आधी ऐकेनात. तेव्हा कुणालच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला आणि "काका, जबाबदारी माझी" म्हणाला. गुरुजी विरघळले, पण अट घालूनच. जायचं ते याच उन्हाळ्यात, कारण पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न. आयुष्यात एकदाच उघडणारं दार होतं ते, आणि मुक्ताने आपली पिशवी पंधरवडा आधीच भरून ठेवली होती.

निघायच्या आधीची शेवटची सहल म्हणून चैत्रातल्या त्या दुपारी सगळे माळावर गेले. या खेपेला पाहुणे होते. कुणालला दाखवायला आणलेली ग्वाल्हेरची मालविका आणि तिच्या आत्या विद्युल्लताबाई. मुलगा-मुलीने चार शब्द बोलावेत, पण कुणाच्या तरी देखत, म्हणून ही सोय. आत्याबाईंनी सतरंजी अशी अंथरली की गादी आणि धोंडा दोन्ही नजरेच्या टप्प्यात राहावेत.

त्यांच्यातलाच अनिमेष भट्टाचार्य निखाऱ्यांत वांगी खुपसून बसला होता. मुक्ताने आईच्या हातची आंबेडाळ आणली होती, ती आत्याबाईंनी दोनदा मागून घेतली. डाळ छान झाली म्हणाल्या. मग कुणालने अनिमेषला धोंड्याखाली झेलून दाखवलं, तेव्हा त्यांनी हसून विचारलं की मुलींनाही असंच धरता की काय. कुणालही हसला. आणि गादी सरळ करायला वाकला.

उन्हं उतरली तशी मुक्ता उठली. त्या धोंड्याच्या माथ्याजवळची एक बोटभर कपार तिला वर्षभर चकवत होती, आणि ती जिंकूनच उत्तरकाशीला जायचं असा तिचा हट्ट होता. तिने दगडाला हात लावला आणि मागे न पाहता विचारलं, "आहेस?"

"आहे," कुणाल म्हणाला.

मग ती निर्धास्त चढली. कपार बोटांत आली, वरचा काठ वीतभर राहिला आणि पाय सटकला. ती मागच्या मागे कोसळली. पडताना तिला भीतीसुद्धा वाटली नाही, इतकी सवय झाली होती. पाठीला हात लागेल याची ती वाट पाहत राहिली. हात लागला नाही. गादी कडेला राहिली, ती खडकावर आदळली, आणि कोपर मोडल्याचा आवाज तिचा तिलाच आला.

डोळे उघडले तेव्हा कुणाल तिथेच होता, दोन पावलांवर. हात छातीशी घेतलेले, जणू सोवळं सांभाळतोय. पळत आला तो अनिमेष, हाताला निखाऱ्याची राख तशीच. त्यानेच तिला उचललं, गमछ्याची झोळी बांधली, जीपमध्ये बसवलं. बाटी तिथेच करपली.

जीपमध्ये कुणाल तिच्या समोर बसला. गंगेवरचा पूल आला. मग तिने विचारलं, "हात मागे का घेतलेस?"

तो बाहेर पाहत हळूच म्हणाला, "आत्या बघत होत्या, यार."

कारण खरंच एवढंच होतं. घाबरला असता तर तिने समजून घेतलं असतं, लक्ष चुकलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाली असती. पण त्याने पाहिलं होतं, त्याला कळलं होतं, आणि त्या क्षणात त्याने तिचं हाड आणि आपली सोयरीक तोलून पाहिली होती. मुक्ताला त्याची किळस आली. तरीही एक वेडी आशा होतीच, की घरी गेल्यावर तो खरं सांगेल.

तिसऱ्या दिवशी तो आला. मुक्ता प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून ओट्यावर बसली होती. हाताला तीन महिने जपायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उत्तरकाशीला कळवूनही झालं होतं. गुरुजी कुणालवर भडकतील, जबाबदारी घेतली होतीस ना म्हणून विचारतील, असं तिला वाटलं. मनातून तिला तेच हवं होतं.

गुरुजींनी त्याला जवळ बसवलं. आत्याबाई जाण्यापूर्वी दर्शनाला घाटावर येऊन गेल्या होत्या आणि सगळी हकीकत त्यांच्याकडून कळली होती. "ऐकलं मी," ते म्हणाले. "एवढ्या गडबडीतही परक्या मुलीच्या अंगाला हात लावला नाहीस. हात काय, जुळून येईल. नाव गेलं की जुळत नाही. आजकाल असं वळण बघायला मिळत नाही बाबा."

मुक्ताने कुणालकडे पाहिलं. चार वर्षांचं सगळं त्याच्या ओठांवर होतं. 'काका, माझं चुकलं' एवढे तीन शब्द पुरले असते, आणि वर्ग गेला तरी तिचा मित्र तिला परत मिळाला असता.

कुणालने मान खाली घातली. मग उठला, गुरुजींच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ग्वाल्हेरचं जमलं, लग्नाला यायचं हं काका, असं म्हणाला. गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मुक्ताला आत जाऊन त्याच्यासाठी चहा सांगायला लावलं.