हॅटवाल्यांची चौकशी

मुलाची गुपचूप चौकशी केल्याशिवाय लग्न ठरवायचं नाही, हा बाळकृष्ण देवपुजारींच्या घरचा जुना शिरस्ता. ऋचा आणि अनिकेत एकाच ऑफिसात, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, पण म्हणून काय शिरस्ता मोडायचा? त्यात पिपलानीतल्या या निवृत्त इंजिनिअरसाहेबांनी नुकताच महायुद्धाच्या काळातला एक हेरपट पाहिला होता. त्यातला सभ्य गृहस्थ हॅट घालून बागेत बसतो, हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि शत्रूची माणसं त्याच्याजवळ आपणहून भडाभडा बोलतात. साहेब सिनेमा पाहून उठले ते हेर होऊनच.

"बाबा, प्लीज! काही गडबड झाली ना, तर हे लग्न मोडेल," ऋचा रडकुंडीला येऊन म्हणाली.

"गडबड? आणि माझ्याकडून?"

भर मे महिन्यात डोक्यावर हॅट, गळ्यात टाय अशा थाटात ते अयोध्या नगरात, अनिकेतच्या घरासमोरच्या बागेत जाऊन बसले. येणारा-जाणारा वळून बघत होता. साहेबांना मात्र वाटत होतं, आपण कोणाच्या खिजगणतीतही नाही. तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन एक बाई बाकावर टेकल्या. त्या हिंदी मुलखातही मराठीच निघाल्या.

"गर्मी जबरदस्त आहे हो. कोणाकडे आलात, भाईसाहेब?"

"विमा कंपनीचा सर्व्हे आहे," साहेब म्हणाले.

"अच्छा! आणि तुमच्या घरी कोण कोण?"

झालं! साहेबांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. मुलगी ऋचा, रागावली की ताट ढकलते. साधी खिचडी लावता येत नाही. आणि पत्नी इंदुमती, तिचं ठाम मत की उज्जैनचे लोक श्रीखंडावरही शेव घालतील. बाई नुसतं हं हं करत होत्या. साहेब घरी आले ते 'काम फत्ते' म्हणतच.

रविवारी अनिकेतकडची मंडळी आली. पुढे आई-वडील, मागे मावशी. मावशी म्हणजे त्याच बाई.

"कसा झाला सर्व्हे, भाईसाहेब?" निर्मलामावशींनी विचारलं आणि इंदुमतीबाईंच्या हातात एक पुडा ठेवला. "आम्ही उज्जैनचे. शेव आणलीय."

इंदुमतीबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ऋचाच्या डोळ्यांत पाणी आलं. संपलं सगळं, तिला वाटलं.

"मी तुमची चौकशी करायला पिपलानीला येणारच होते," मावशी म्हणाल्या. "तुम्ही माझी चक्कर वाचवलीत. राग आमच्या अनिकेतलाही आहे, आणि खिचडी तो लावेल. आमच्याकडून हो समजा. आता तुम्ही सांगा, आमच्या मुलाबद्दल काय कळलं?"

एवढा वेळ त्या बाकावर बसून बाळकृष्णरावांनी मुलाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी ते लेकीकडे वळले.

"ऋचा, मुलगा कसा आहे गं?"

ऋचाने डोळे पुसले.

"बाबा, हे तुम्ही मला पहिल्यांदा विचारताय."