औषध सुकेपर्यंत

"ओढणी काढा ना, शरीफाताई. वरून मी काय बघू?" डॉक्टर मनिषा म्हणाल्या.

शरीफाने आधी दाराकडे बघितलं. "कडी लागलीय ना?"

"लागलीय. आणि बाहेर मारिया आहे. ती कोणाला सोडत नाही आत."

मग कुठे तिने ओढणी काढली, तीसुद्धा नुसत्या बोटांच्या टोकांनी, तव्यावरची गरम भाकरी उचलावी तशी. डॉक्टरांनी डोक्यावर दिवा धरला, भिंगातून पाहिलं, कॉम्प्युटरवर जुना फोटो काढला, परत पाहिलं. भांग कसला तो, पनवेलच्या हायवेसारखं रुंदीकरण चाललं होतं त्याचं. आणि हायवेसारखंच, एकदा सुरू झालं की कुठे थांबणार ते कोणालाच माहीत नव्हतं.

"लोशन लावताय ना?"

"लावते. दोन टाइम. एक दिवस चुकवला नाही."

"मग एव्हाना थोडा तरी फरक दिसायला हवा होता. थायरॉइड नॉर्मल आहे, हिमोग्लोबिनपण वर आलंय." डॉक्टर विचारात पडल्या.

"डॉक्टर, ईमादचे अब्बा पुढच्या जुम्म्याला येतायत," शरीफा म्हणाली. "कुवेतवरून. कायमचे."

"अरे वा."

आता डॉक्टरांना काय कळणार की ह्यात वा म्हणण्यासारखं काही नव्हतं. ते कळायला तिची वेणी बघितलेली असायला हवी होती. तळोज्याची शरीफा लग्न होऊन पनवेलला आली ना, तेव्हा मोहल्ल्यातल्या बायका नवरी बघायला म्हणून यायच्या आणि वेणी बघून जायच्या. कमरेच्या खाली, आणि जाडी अशी की लहान मुलाच्या मुठीत मावू नये. नवरा मुश्ताक एसी मेकॅनिक. लग्नाची मेंदी उतरायच्या आत कुवेतला गेला आणि मग दर दोन वर्षांनी महिन्या-दीड महिन्यासाठी यायचा, पाहुण्यासारखा. पण येताना प्रत्येक वेळी तिच्यासाठी केसांची एक क्लिप. इथल्या बाजारात मिळते तसली नाही हं, दणकट, दातेवाली, खेकड्याच्या नांगीसारखी. आल्या दिवशी दुपारी, घर जरा शांत झालं की तो तिच्या मागे बसायचा, सगळे केस एका हातात गोळा करायचा, क्लिप लावायचा आणि म्हणायचा, "राहिली बघ." बस, एवढंच. दोन वर्षांची शिदोरी म्हणजे हे दोन शब्द.

मागच्या खेपेला क्लिप राहिली नव्हती. घसरली. मुश्ताकने ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "स्प्रिंग ढिली दिसते. पुढच्या वेळी चांगली आणतो."

स्प्रिंग चांगली होती.

त्यानंतर तर पाळी कधी येई, कधी नाही, आणि मग यायचीच बंद झाली. बसल्या जागी अंगातून वाफ निघायची, घामाने मान चिंब व्हायची, आणि मोरीच्या जाळीत रोज केसांचा गुंता. बरं, सांगणार कोणाला? ह्या घरांमध्ये हे न सांगताही कळतं म्हणा. सून झेबा महिन्यातले पाळीचे दिवस नमाजला उभी राहत नाही आणि कोणी विचारत नाही, विचारायचं नसतं. शरीफाचंही आयुष्यभर तसंच चाललं होतं. आता तिची जानमाज, नमाजची चटई, महिनाभरात एक दिवसही घडी होऊन पडत नव्हती. रमजान संपला तेव्हा झेबा चांगल्या मनाने म्हणाली, "अम्मी, ह्या वेळी तुमचे सगळेच्या सगळे रोजे झाले, माशाअल्ला." नाहीतर दरवर्षी त्या दिवसांत राहिलेले रोजे शरीफा मागाहून एकटी धरायची आणि कुरकुरायची. ह्या वेळी राहिलं काहीच नव्हतं. ती हसली, आणि शिरखुर्म्याचं दूध ढवळत उभी राहिली, तळाला लागलं तरी.

एकदाच कोणीतरी ओळखलं, आणि तीसुद्धा मासळीवाली हौसा. बोंबील निवडता निवडता शरीफा अशी भिजली की ओढणी मानेला चिकटली.

"बस गो भाबी, बस," हौसा म्हणाली. "माजंपन तसंच हाय. अंगात भट्टी पेटते नुसती."

"केस जातात का गं तुझे?"

"जातान नाय तं काय. माज्या डोक्याव टोपली, तुज्या डोक्याव ओढनी. कुनाला काय दिसतंय?" आणि अशी खदखदून हसली की शरीफालाही हसू आलं. मग टोपली उचलून हौसा पुढच्या दाराला गेली.

पण मुश्ताकला दिसणार होतं. तो कायमचा येतोय असं फोनवर कळलं आणि शरीफाने कोणाला न सांगता ह्या स्किनच्या डॉक्टरांचा दवाखाना गाठला. पहिल्या दिवशी तिने हळूच विचारलंही होतं, पाळी परत आणायची गोळी मिळते म्हणे, ती द्या. डॉक्टर म्हणाल्या, त्या हार्मोनच्या गोळ्या केसांसाठी देत नाहीत, घामाचा फारच त्रास होत असेल तर बायकांच्या डॉक्टरांना दाखवा, त्या तपासून ठरवतील. केसांना हे लोशन. सुरुवातीला उलट जास्त गळतील, घाबरायचं नाही. आणि खरंच मूठमूठ गळले, तरी ती घाबरली नाही. म्हणजे घाबरली, पण लावत राहिली.

"बरं, मला सांगा," डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली, "लावता कधी आणि धुता कधी?"

शरीफा मांडीवरच्या ओढणीची घडी घालायला लागली.

"ताई?"

"झेबा दुपारी बाराला शाळेत शिकवायला गेली की लावते. आणि मग... जोहरच्या नमाजच्या आधी धुते. परत संध्याकाळी असरची नमाज झाली की लावते, मगरिबच्या आधी धुते."

"म्हणजे तासा-दीड तासात धुऊन टाकता?"

"वास येतो ना त्याला. स्पिरिटचा." शरीफा एकदम मोठ्याने बोलून गेली. "दारूच ना ती. डोक्याला दारू लावून अल्लासमोर कशी उभी राहू?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते निदान चार तास तरी डोक्यावर राहायला हवं, असं त्यांनी सांगितलं होतं. शरीफाने ऐकलंही होतं. पण चार तास कुठून आणायचे? इकडे डॉक्टर, तिकडे नमाज, मध्ये ती, आणि दिवसातून दोनदा डोकं धुऊन धुऊन सर्दी झालेली. सगळं औषध मोरीत गेलं होतं. मोरीला केस यायचे तेवढे बाकी होते.

"कोणाला विचारायचं तरी," डॉक्टर म्हणाल्या.

कोणाला? मौलानांना जाऊन सांगणार, माझे केस गेलेत?

ती बाहेर आली तेव्हा काउंटरवरच्या, हिजाब बांधलेल्या मारियाने फाइल घेतली आणि इकडेतिकडे बघून म्हणाली, "खाला, आवाज ऐकू आला आतला, सॉरी हां. माझ्या अम्मीला पण हाच सवाल पडला होता. मामूंनी मौलानांना विचारलं. ते बोलले, दवा आहे, पिण्याची चीज नाही, सुकली की उडून जाते. पढा खुशाल."

"खरं?"

"अम्मी लावते की. तुम्ही मला आधी का नाही विचारलं?"

समोरच तर बसलेली असायची ही पोरगी, प्रत्येक वेळी.

पुढचा जुम्मा आला. औषधाला महिने लागतात, विमानाला काही तास. मुश्ताक येईपर्यंत तिने एक वाक्य पाठ केलं होतं. तो मागे बसला की तो हात लावायच्या आधीच बोलायचं: केस गेलेत माझे, आधीच सांगते. भांडी घासताना म्हणून बघितलं, कपडे वाळत घालताना म्हणून बघितलं. प्रत्येक वेळी 'केस' म्हणून झालं की पुढचं भांडं, पुढचा कपडा उचलायची.

मुश्ताक आला. बॅग हॉलमध्येच उघडली. ईमादला घड्याळ, झेबाला परफ्यूम. मग त्याने क्लिप काढली, आजवरच्या सगळ्यांत मोठी, काळी, सोनेरी कडेची. "धर. ह्या वेळी स्प्रिंग बघून घेतलीय," म्हणाला आणि तिच्या हातात दिली. जेवला. आत जाऊन झोपला.

ती पलंगाच्या कडेला बसून राहिली, त्याच्याकडे पाठ करून. पाठीमागे घोरण्याचा आवाज सुरू झाला तेव्हा उठली.

आणि मग तसेच दिवस जायला लागले. मुश्ताक वाईट नव्हता हं. पण इतकी वर्षं एका खोलीत सहा जणांबरोबर काढलेला माणूस, तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. सकाळी वडाळे तलावाला फेरी, मग टीव्ही, मग पेपर, मग परत टीव्ही. ईमाद उलव्याच्या साइटवर, झेबा शाळेत, आणि घरात ही दोघं, एकमेकांना चहा विचारत. शरीफा घरातही ओढणी घट्ट बांधून वावरायची. पहिला महिना भीतीने बांधली. दुसऱ्या महिन्यात तिच्या ध्यानात आलं की घाबरायला समोर कोणी बघतच नाहीये.

औषध मात्र आता ती नीट लावायची. सुकू द्यायची आणि नमाजला उभी राहायची.

एका दुपारी ती भांगात लोशनचे थेंब सोडत होती. मोरीच्या आरशासमोर, नेहमीसारखी दार लावून. आतून वाफ चढायला लागली, कानशिलं तापली. आणि काय मनात आलं कोण जाणे, ती तशीच बाहेर आली. उघड्या डोक्याने. केस विस्कटलेले, मधला पट्टा ओला, चमकणारा. टीव्ही आणि मुश्ताक ह्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

मुश्ताकने मान वर केली. बघितलं. पाठ केलेलं वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं.

"गरम होतंय?" तो म्हणाला. "घाम बघ किती आलाय. हा पंखा फिरतच नाही धड. कधीचं बघतोय मी."

आणि उठलाच. मेन बंद केला, स्टूल ओढलं, स्क्रूड्रायव्हर आणला, रेग्युलेटर उघडून बसला. हातांना काम मिळालं तसा त्याचा चेहराच बदलला, लग्नातल्यासारखा झाला. "जगाच्या खोल्या थंड केल्या," तो स्वतःशीच बोलला, "आणि घरात हे." मग मागे न बघता हात पुढे केला. "काहीतरी दे गं, ही वायर बाजूला धरून ठेवायला. चिमटा, काहीपण."

शरीफाने कपाट उघडलं. बिस्किटांच्या डब्यात सगळ्या क्लिपा होत्या. वरचीच, सोनेरी कडेची, उचलून तिने त्याच्या हातावर ठेवली. त्याने वायर एकीकडे ओढली, क्लिप लावली, हलवून बघितली.

"राहिली बघ," तो म्हणाला.

ती पलंगावर बसली. पंखा बंद, मानेवरून घाम ओघळत होता, आणि डोक्यावर औषध सुकत होतं. ओढणी बाजूलाच होती. तिने घेतली नाही.

थोड्या वेळाने त्याने मेन लावला. पंखा आधी कुरकुरला, मग जोरात फिरायला लागला. तिच्या भांगाच्या कडेचे बारीक बारीक केस उडायला लागले.

"लागली हवा?" त्याने पंख्याकडे बघत विचारलं.

"लागली," ती म्हणाली.